रिसिंड

१४ जून

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेची धार शाबूत आहे. तुझं पत्र येत नाही म्हणून रोज मलाच बोलणी बसतात.

सोबत हॉस्पिटलचा हुकूम आहे. त्यातला ‘रिसिंड’ हा शब्द नीट वाच. मी तो चौकशी समितीपुढे ‘रिसाइंड’ असा वाचला आणि हेडक्लार्कनी खाली मान घालून हसू दाबलं.

झालं असं, की औषध विभागातल्या नव्या बाईंना जुन्या फायलीत एक चिठ्ठी सापडली. लेबलं चुकीची लागली म्हणून बाटल्यांचं आख्खं खोकं परत पाठवलेलं. तारीख, चुकीचं औषध दिल्याचा ठपका तुझ्यावर आला त्या ड्यूटीच्या दुसऱ्याच दिवसाची. मी ती घेऊन तडक समितीकडे गेले.

मोठे डॉक्टर म्हणाले, “दोन वर्षं झाली. बडतर्फी रद्द करू आणि विषय संपवू.”

हेडक्लार्कनी मला आधीच समजावलं होतं, की रद्द केलं तर ते आजपासून. मधली दोन वर्षं डागासकट तशीच राहतात. रिसिंड केलं तर हुकूम मुळातून मागे घेतला, तो कधी निघालाच नव्हता असं धरायचं.

“मग तोच शब्द हवा,” मी म्हटलं आणि खुर्चीवरून हलले नाही.

“आणि तुमच्या रिपोर्टचं काय?” डॉक्टरांनी विचारलं.

तेच तुला लिहायचं टाळत होते. तू त्या दिवशी मला म्हणत होतीस, “ताई, बाटली बघ तरी.” मी बघितली नाही. पेशंट सुखरूप होता, थांबायला वेळ होता. पण मेट्रन सख्ख्या बहिणीला पाठीशी घालते असं कोणी म्हणू नये म्हणून मी तुझ्याविरुद्धच्या रिपोर्टवर घाईने सही ठोकली. समितीला हे सगळं सांगितलं. मेट्रनपद गेलं. आता मुलांच्या वॉर्डात साधी नर्स आहे. पाय दुखतात, पण झोप लागते.

हुकुमाप्रमाणे तुला एक तारखेला कामावर हजर व्हायचं आहे. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. आलीस तर मान वर करून ये.

माझं वागणं मात्र रिसिंड होत नाही, ठमे. ते घडलं, आणि मीच केलं.

तू बोलशील ते सगळं ऐकून घेणारी,
ताई