औषधाचं पाणी

आबा,

फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच ठेवून देता, म्हणून लिहितो. दीपमालाताईकडून वाचून घ्या.

मागे तुम्ही मेंढ्या घेऊन मी राखतो त्या बंगल्यावर आलात, तेव्हा पोहायच्या टाकीत औषध होतं, म्हणून मी त्यांना पाणी पिऊ दिलं नाही. "माणसं औषधात पोहत्यात? लईच आजारी दिसत्यात," म्हणत तुम्ही हसलात आणि न बसताच केजकडे निघालात. नंतर आला नाहीत.

आता भाडेकरू म्हणतात, "टाकीच्या मोटारीचं बिल मी काहून भरू?" मालक म्हणतात, "पोहता तुमी, भरा तुमीच." त्यामुळे मोटार बंद, औषधही बंद. पाण्यात बेडूक झालेत. मालक म्हणाले, नाहीतरी उपसायचंच आहे, मेंढ्यांना पाज. तेव्हा या. मुक्कामच करा. भाडेकरू रविवारीच येतात, एरवी इथे बोलायला कुणी नसतं.

एवढं लिहिलं आणि मालकांचा फोन आला. बिल दोघं निम्मं निम्मं भरणार आहेत, आजच मोटार लावून औषध टाकायचं आहे.

बेडूक बादलीतून ओढ्यात सोडून आलो. औषध टाकलं. आता तुम्हाला काय म्हणून बोलवावं ते सुचत नाही, म्हणून पत्र ठेवून देतो.

तुमचा,
बजरंग