सिनेमा गुरुवारी उतरतोय, आत्या

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं टेकली आहेत. उरलेली दोन टेकायला गेलं की कंबर बोलते, तेवढं सांभाळून घे.) खोकला कसा आहे? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या स्वतः करतेस, की नुसत्या दुसऱ्यांना करायला लावतेस? फोनवरच विचारलं असतं, पण तू रविवारपासून फोन उचलत नाहीस. काल उचललास, माझं 'हॅलो' ऐकलंस आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलास. आत्या, आवाज तुझाच होता. राँग नंबरवाल्या बाईंना मधेच खोकल्याची उबळ आली, तीही तुझीच होती. म्हणून हे पत्र. आणून देणारा आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आहे. त्याला निदान बस म्हण. तो बिचारा आपल्या घरातला नाही, त्याच्यावर कसला राग?

इकडे सर्व क्षेम. तुझी भाचेसून बरी आहे. बाकी आमच्याकडे सध्या कोण राहायला आलंय हा विषय मी काढणार नाही, कारण तो काढायचा नाही असा तुझा निरोप शिलाईवाल्या काकूंनी पोचवला आहे (शेजारीण असावी तर अशी, टपालखात्याने धडा घ्यावा). मी फक्त माझ्या नोकरीतली गाऱ्हाणी सांगणार आहे. आता त्या गाऱ्हाण्यांत तुझे चिरंजीव मधेमधे लुडबुडले तर तो माझा दोष नाही. लहानपणापासून त्याला तीच खोड आहे.

तुला ठाऊकच आहे की दर शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीवर बसून सिनेमाबद्दल बोलतो. आधी बातम्या (कोण कुणाबरोबर काम करतोय आणि कोण कुणाचं तोंड बघत नाही), मग नव्या सिनेमाचं परीक्षण, मग एखाद्या दिग्दर्शकाची मुलाखत. तू न चुकता बघतेस आणि रविवारी सकाळी फोन करून सांगतेस की कालचा शर्ट तुला शोभत नव्हता. इतक्या वर्षांत सिनेमाबद्दल तू एक अक्षर काढलेलं नाहीस. तरी मी तुला माझी सर्वांत जाणकार प्रेक्षक समजतो, कारण बाकीचे शर्टाबद्दलही बोलत नाहीत. तर या आठवड्यात परीक्षणाला सिनेमा आला तो टिल्लूचा. मी सरळ आमच्या निर्मातीबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाई, हा दिग्दर्शक माझा आतेभाऊ. सहा फूट वाढला तरी घरात अजून टिल्लूच. याला मी लहानपणी अंघोळ घातली आहे." बाई कागदांतून मान वर न करता म्हणाल्या, "मग धुवून काढायची सवय आहेच की तुम्हाला." दुसरा परीक्षक आहे, पण तो स्वतःच्याच लग्नात गुंतलेला. बाईंनी निकाल दिला: सुरुवातीलाच नातं सांगून टाकायचं आणि मग खरं असेल ते बोलायचं. मी घरी येऊन टिल्लूला सांगितलं. (आता तो आमच्या घरी होता हे आलंच ओघात. त्याला मी काय करू? तू म्हणालीस, "जा, त्या थिएटरातच राहा." थिएटरवाले राहू देत नाहीत, म्हणून तो बॅग घेऊन आमच्याकडे आला.) वाटलं, तो तरी नको म्हणेल. तर म्हणतो, "दादा, मला वाचवू नकोस हां." वाचवू नकोस म्हणणाऱ्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. दाढ काढायला बसलेला माणूस त्यापेक्षा खुशीत दिसतो.

आता प्रश्न असा की सिनेमा बघायचा कसा. मी टीव्हीवरचा माणूस. थिएटरात मला ओळखलं की मॅनेजर चहा पाठवतो, पेढीवर बसवल्यासारखं मधल्या खुर्चीवर बसवतो आणि आजूबाजूचे लोक पडद्याऐवजी माझं तोंड वाचायला लागतात. (असं मला वाटतं. तुझी सून म्हणते की दूधवालासुद्धा मला अजून 'तिसऱ्या मजल्यावरचे' म्हणूनच ओळखतो.) म्हणून मी वेषांतर केलं. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. थिएटरच्या अंधाऱ्या बोळात शिरलो आणि पहिल्याच पायरीला ठेच लागली. तेवढ्यात कुणीतरी माझा हात घट्ट धरला. दारावरचा माणूस होता, हातात बॅटरी, पिकलेल्या मिशा. "सावकाश, मालक," तो इतक्या मायेने म्हणाला की मला कळेना, हा मला ओळखतो कुठून. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने मला आंधळा समजलं होतं! खुर्चीशी नेलं, हाताने खुर्ची चाचपून दाखवली, बसवलं, आणि विचारलं, "एकटेच आलात? मग मी सांगतो तुम्हाला काय चाललंय ते," आणि शेजारी बसला. अशा वेळी 'अहो, मला दिसतं' म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही, हे तू मला पाळण्यापासून ओळखतेस.

मग आत्या, मी तुझ्या लेकाचा पहिला सिनेमा ऐकला. काळ्या चष्म्यातून पडदा म्हणजे एक करडं धुकं, आणि कानाशी हा सद्गृहस्थ: "आता पोरगा चालतोय. अजून चालतोय. लई चालवलंय हो त्याला. आता आई आली. ओरडली. ताट आपटलं. परत ओरडली." सगळा हॉल हसत होता. हो, हसत होता. लोक तुला हसले हे सांगताना शिलाईवाल्या काकू खोटं बोललेल्या नाहीत. पडद्यावरची आई तीन खोल्यांपलीकडून ओरडते, दुधाच्या पातेल्याला दम देते, टीव्हीचा रिमोट उशीच्या अभ्र्यात लपवते आणि तो कुठे लपवला ते स्वतःच विसरते. ही कोण हे मला चष्म्याआडूनही कळलं. लोक पोट धरून हसत होते आणि मीही हसलो. पुढच्या रांगेतल्या बाई वळून शेजारणीला म्हणाल्या, "अगदी आमची आई गं!" आणि लगेच पर्स उघडून रुमाल शोधायला लागल्या. काकूंनी तुला हे सांगितलं नाही. कसं सांगणार, त्या मध्यंतरालाच उठल्या. मी त्यांना खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या की गिऱ्हाईक खोळंबलं होतं. म्हणजे तू पोराला घराबाहेर काढलंस ते अर्ध्या सिनेमावर.

उरलेलं अर्धं मी सांगतो. मुलाला लांबच्या गावी नोकरी लागलीय, निघायची वेळ झालीय, आणि आई त्याच्या शर्टाला इस्त्री करतेय. माझा सोबती सांगत होता: "इस्त्री चाललीय. ओरडतेय. वेळेवर जेव म्हणतेय, ओल्या डोक्याने फिरू नको म्हणतेय, एवढा मोठा झालास तरी कॉलर मळवतोस म्हणतेय." मग तो थांबला. मी वाट पाहिली. हॉलमध्ये कुणी खाकरतही नव्हतं. मी हळूच विचारलं, "पुढं काय?" तर म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "अहो, काही नाही कसं? सांगा की." मग म्हणाला, "इस्त्री कधीच झालीय हो. पण ती तीच बाही पुन्हा पुन्हा फिरवतेय. शर्ट सोडतच नाही." आणि त्याने नाक ओढलं. माझं म्हणशील तर काळ्या चष्म्याचा तो दिवसभरातला एकमेव उपयोग झाला.

आता ऐकलेल्या सिनेमावर परीक्षण करणं म्हणजे वासावरून जेवणाला दाद देणं. दुसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पुन्हा गेलो. दारात तोच माणूस. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "काय मालक, डोळे आले?" मी म्हटलं, "हो, आले." तो म्हणाला, "सांभाळा, साथ आहे." त्याने मला चिमटा काढला की खरंच काळजी केली, हे मला अजून उमगलेलं नाही. पण चहा मात्र त्याने स्वतःच्या कपातला अर्धा दिला.

मग मुलाखत. आमच्या स्टुडिओतली पाहुण्यांची खुर्ची गेले काही महिने आपोआप खाली बसते. नेहमीचे पाहुणे बेताच्या उंचीचे, कुणाच्या लक्षात येत नाही. तुझा लेक बसला तेव्हा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. बातमी, बजेट, नटनट्या एवढं होईतो माझ्या खांद्याला आला. कॅमेरामन हातवारे करतोय, निर्मातीबाई काचेपलीकडे कपाळ धरून बसल्यात, आणि टिल्लू मान वर करून मला गंभीरपणे उत्तरं देतोय, अगदी दुसरीत असताना द्यायचा तसा. तेव्हाच मी विचारलं, "ही आई तुम्हाला कुठे सापडली?" त्याने आधी शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "होस्टेलवर असताना एकदा शर्ट उलटा घालून आठवडाभर हिंडलो. मला कुणी ओरडलंच नाही. तेव्हा कळलं, घरापासून आपण किती लांब आलोय." पुढचा प्रश्न मी कागदावर लिहून आणला होता. तो कागद हातात होता, अक्षरंही स्वच्छ होती. मला वाचता येईना. निर्मातीबाईंनी आतून सांगितलं, "राहू द्या, इथंच थांबवू."

परीक्षणात मी खरं तेच बोललो आहे. सुरुवातीचा भाग लांबलाय. नायक इतका चालतो की मध्यंतराला माझ्या पोटऱ्या दुखल्या. संगीतवाल्याला प्रत्येक दारामागे भूत दिसतं. टिल्लूने रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाला, "चालणं जास्तच झालंय, नाही?" म्हटलं, "हो." मग आम्ही दोघं घरी आलो. पण त्या आईबद्दल मी जे बोललो ते पत्रात लिहीत नाही. सिनेमा न बघता परीक्षण ऐकणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे, मग ती सख्खी आत्या का असेना.

एवढंच विचारतो, आता त्या घरात तू ओरडतेस तरी कुणावर? दुधाच्या पातेल्यावर?

थोरांना नमस्कार लिहायची रीत आहे, पण तुझ्या घरात थोर तूच आणि धाकटी तूच. तेव्हा दोन्ही तुलाच.

तुझा भाचा
(ज्याचा शनिवारचा शर्ट खरोखरच शोभत नव्हता)

ता. क. आमचा कार्यक्रम शनिवारी लागतो आणि सिनेमा गुरुवारी थिएटरातून उतरतोय. म्हणजे रोगी गेल्यावर डॉक्टर म्हणणार की प्रकृती तशी बरी होती. उद्या गुरुवार, दुपारचा तीनचा खेळ शेवटचा. हाच ड्रायव्हर दोन वाजता गाडी घेऊन दारात येईल. त्याला 'राँग नंबर' म्हणू नकोस.

पुन्हा ता. क. येताना घरातून रागावूनच नीघ, माझी हरकत नाही. पण मध्यंतराला उठायचं नाही.

आणखी एक. वर मी मोठ्या मनाचा वगैरे वाटलो असेन तर तसं काही नाही. तुझा लेक माझ्या पलंगावर आडवा झोपतो, मी हॉलमध्ये खुर्च्या जोडून. कंबर त्यामुळेच गेली. त्याला घेऊन जा. सिनेमा आवडो न आवडो, मुलगा तुझा आहे, आणि माझ्याकडे खुर्च्या तीनच आहेत.

शेवटचं. हे लिहून होईतो टिल्लू मागे येऊन उभा राहिला आणि त्याने सगळं वाचलं. मला वाटलं, आता फाडतो. तर म्हणाला, "आईला लिही, त्या थिएटरचा जिना उंच आहे. पण डाव्या हाताला शेवटपर्यंत कठडा आहे, मी धरून बघितलाय. आणि वर पोचल्यापोचल्या बसता येईल अशी कडेची खुर्ची आहे, तिच्यावर मी पहिल्या दिवसापासून कुणाला बसू दिलेलं नाही."