आधी उभी, मग आडवी

आई, आज मी मत दिलं. बर्लिनमध्ये, एका शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांमधून वाट काढत. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "मतदारसंघ कोणता?" नागरिकशास्त्राची बाई तू; जेवलीस का, हे तू नेहमी नंतर विचारायचीस. तर सांगते. नदीच्या दोन काठांचा मिळून हा एक मतदारसंघ आहे, मधे लाल विटांचा पूल. म्हणजे आपल्या कुंडलिकेसारखंच, इकडे जुना जालना, तिकडे नवा. फरक एवढाच की इथे काठावर भिंत होती आणि हे दोन काठ दोन वेगळ्या राजवटींत होते. पश्चिमेकडच्या लोकांना संसदेसाठी थेट मत देता यायचं नाही. शहराची सभाच त्यांचे प्रतिनिधी निवडून पाठवायची. भिंत पडली, दोन्हीकडे मत आलं, तरी मतदारसंघ वेगवेगळेच राहिले. मग परवापरवा संसदेच्या जागा कमी केल्या, नकाशे पुन्हा आखले आणि हे दोन काठ एकमेकांच्या गळ्यात बांधले. दोन्हीकडची मंडळी नाकं मुरडतात. उन्हाळ्यात त्याच पुलावर जमून एकमेकांवर सडक्या भाज्या फेकतात, हसत हसत. नव्या जालन्यात मुलगी द्यायची म्हटलं की आपल्या काठावरच्या, मस्तगडच्या म्हाताऱ्या जसं तोंड करायच्या, तसलं तोंड मी इथेही पाहिलंय.

आपला जालना वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या निवडणुकीचे दिवस आज सारखे आठवत होते. तुझ्या शाळेतले एक गुरुजी आधी कधीतरी मतमोजणीच्या ड्यूटीवरून आले होते आणि गठ्ठेच्या गठ्ठे मतं बाद झाल्याचं सांगून हसले होते, "बायाच त्या, त्यांना काय कळतं." ते हसू तू मनात धरून ठेवलंस. निवडणूक आली तशी एका रविवारी दुपारी भाकरीची परात बाजूला सारलीस आणि गल्लीतल्या बायकांना आपल्या स्वयंपाकघरात बसवलंस. पाठकोऱ्या कागदांवर एकाखाली एक चित्रं काढलीस, वांगं, चमचा, पाटा, उखळ. कुठल्याच पक्षाचं नको म्हणून. शिक्क्याला अर्धा बटाटा, शाईला कालवलेली नीळ. मी बटाटा धरून बसलेली आणि तू उभी राहून शिकवतेयस, "आधी उभी घडी, मंग आडवी. उभी घातली की शाई त्याच्याच रांगेत राहती. आडवी घातली की वांग्याचं मत चमच्यावर उमटलं, अन् मंग दोघालाबी न्हाई!" समोरच्या घरातली खाला कागद उघडून ओरडली, "अगे मास्टरनी, मेरा बैंगन तो चमचे पे छप गया!" आणि सगळ्या हसून लोटपोट. तू मात्र तिला दुसरा कागद दिलास, मग तिसरा. बिलकुल बराबर जमेपर्यंत तिला उठू दिलं नाहीस.

तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. त्यांची बायको, आपल्या काकू, आत बसलेलीच होती. "बाई, घडीचं ठीक हाय," ते म्हणाले, "पण ठप्पा कशावर मारायचा ते आम्ही घरी सांगून राह्यलो. तुम्ही नका यांची डोकी फिरवू." तू जागची हललीही नाहीस. "तुम्ही सांगा की. पण घडी घातल्यावर आत काय हाय ते तुम्हालाबी दिसायचं न्हाई अन् मलाबी न्हाई." काका पाठ फिरवून गेले. काकू खाली मान घालून हसत होत्या. त्या हसण्याचा मला आजही अभिमान वाटतो, माझा काही संबंध नसताना. मतदानाच्या संध्याकाळी मी लाडात येऊन विचारलं, आई, तू कोणाला दिलं? तू अशी वळलीस की मला वाटलं, आता बसतेय थोबाडीत. "घडी घातली की संपलं. उघडून दाखवायची चीज न्हाई ती. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई मी."

तू गेलीस तेव्हा मी रोज रेल्वेनं बदनापूरला, तिथल्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला जात होते. तिथल्या तुरीच्या वाणांवरच्या कामानंच मला पुढे या देशात आणलं आणि मी इथलीच झाले. पण इथे मत द्यायचं तर इथलं नागरिकत्व घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो, त्याच्यासोबत आपलं मतही. दादा फोनवर म्हणाला, "आईनं गल्लीभर बायांना मत शिकवलं, अन् तू सोताचंच सोडून बसली?" त्याचं बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. ज्या गावात माझी मुलं वाढतायत तिथला कारभार कोण पाहणार हे मी ठरवू नये का, असं मी त्याला सुनावलं खरं. पण तुझी वस्तू मी टाकून तर दिली नाही ना, हे मनातून जाईना. आज मतदान केंद्रावर मी तीच टोचणी घेऊन गेले.

सोबत खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्यांचा जन्म पूर्वेच्या काठावर गेला. इथे पेनानं फुली मारायची, एक उमेदवाराला, एक पक्षाला. ओली शाई नाही, उमटण्याची भीती नाही. तरी पेटीजवळ येईपर्यंत माझ्या हातांनी घडी घातलेली होती, आधी उभी, मग आडवी. आजींनी ती पाहिली. बाहेर पायऱ्यांवर म्हणाल्या, "तूसुद्धा घडी घालायला आलीस होय?" मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या काळी त्या काठावर मत द्यायला जाण्याला लोक 'घडी घालायला जाणं' म्हणायचे. नावांची एकच छापील यादी, निवडायचं काहीच नाही, घडी घालून पेटीत टाकायची. पडद्याआड जो जाईल त्याच्यावर सरकारची नजर. म्हणून अजूनही त्या कागद नीट दुमडत नाहीत, कसातरी चुरगळून टाकतात.

मला रागच आला, आई. तुझी घडी आणि ती घडी एका तागडीत? तिथेच पायरीवर बसले, पिशवीतून एक जाहिरातीचा कागद काढला आणि त्यांना सगळं सांगितलं. वांगं, चमचा, नीळ, खाला, आणि मान खाली घालून हसणाऱ्या काकू. म्हटलं, माझ्या आईच्या घडीत काय आहे ते नवऱ्यालासुद्धा दिसायचं नाही, त्यासाठीच ती घालायची.  आजींनी तो कागद माझ्या हातातून घेतला, सावकाश उभा दुमडला, मग आडवा, आणि विचारलं, "अशी?" मी चक्क मराठीत म्हणाले, "बराबर." मस्तगडच्या स्वयंपाकघरातली तुझी घडी त्या नदीच्या काठावर एका म्हातारीच्या हातात होती, आणि माझी मान ताठ झाली.

रात्री दादाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगायला पाहिजे होतं गं हे." आणि फोन ठेवता ठेवता, "मंग कोणाला दिलं?" मी सांगितलं नाही.

आता हा पत्राचा कागद कुठे पाठवणार. तुरीच्या डाळीच्या डब्यामागे ठेवून देईन. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मी कोणाला मत दिलं ते तुला, फक्त तुला, सांगावं म्हणून हे लिहायला बसले होते. नाही सांगत, आई. घडी घातली.