बोरगावला नेलेलं पुस्तक

आई, तू कुठलंही पुस्तक हातात घेतलंस की आधी मागून उघडायचीस. लष्करी कॅम्पातले साहेब लोक बदली झाली की घर आवरताना पुस्तकांचे खोके आपल्या दुकानात आणून टाकत, आणि तू जमिनीवर मांडी घालून एकेक पुस्तक तपासायचीस. घडीचे नकाशे जागेवर आहेत का, ते पाहायचीस. मग शेवटची पानं, जिथं पलटणीतल्या मेलेल्या माणसांची नावं बारीक टायपात छापलेली असत. ती तू मोठ्यानं वाचायचीस. वडगावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, हातमागाच्या घरातली बाई तू. इंग्रजी दुकानात बसूनच अक्षर अक्षर जुळवत शिकलीस. साहेबी कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं गाव तू चार वेळा वेगवेगळं म्हणून बघायचीस आणि पाचव्या वेळी तुझ्या तोंडून खानापूरकडचं एखादं खेडं नीट बाहेर पडायचं. "ह्ये बघ, इथलंच हाय," म्हणायचीस. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, मोठ्या पदव्या घेतलेल्या लोकांना जे वाचता आलं नसतं ते तुला येत होतं.

बाबा गेले तेव्हा खडेबाजारालगतच्या बोळातलं ते रद्दीचं दुकान होतं, आणि मी नऊ वर्षांची होते. मामा म्हणाले, विकून टाक. तू विकलं नाहीस. उलट शाळेची पुस्तकं, कादंबऱ्या, मासिकं सगळं हळूहळू काढून टाकलंस आणि फक्त लढायांची, पलटणींची, सैन्याच्या इतिहासाची पुस्तकं ठेवलीस. शेजारचा भांडीवाला हसायचा की बाई सोडून दुसरं कुणी दिसत नाही दुकानात. पण तू पाहिलं होतंस की इतर पुस्तकांचं गिऱ्हाईक येतं आणि जातं, या पुस्तकांचं गिऱ्हाईक पत्र लिहितं. पुण्याहून, डेहराडूनहून निवृत्त अधिकाऱ्यांची पत्रं यायची. मी ती तुला वाचून दाखवायची आणि तू सांगशील ते उत्तर इंग्रजीत लिहायची. पान फाटकं असेल तर फाटकं लिही, डाग असेल तर कुठल्या पानावर तेही लिही, असं तुझं असायचं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की दुकानात कुणीतरी माजी सैनिक बसतो.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तो साठीतला शेतकरी आला. दारातच चपला काढून म्हणाला, "आक्का, बोरगावास्नं आलोय." त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला तो परत आलाच नाही. हा आईच्या पोटात होता. फोटो नाही, पत्र नाही, पेन्शनीचे कागद कधीच हरवलेले. गावात मात्र सगळे सांगत की तो संगीन घेऊन शत्रूवर धावून गेला आणि तिथंच पडला. "छापील कुठंतरी असंल न्हवं?" एवढंच त्याला विचारायचं होतं. तू त्याला पाण्याचा तांब्या दिलास आणि बापाचं नाव माझ्याकडून लिहून घेतलंस. "बघतो आम्ही. पर घाई करू नगासा," म्हणालीस.

दोन महिने तू बघत होतीस. येणाऱ्या प्रत्येक खोक्यातली शेवटची पानं. नाव सापडलं ते एका जाड, उन्हानं विटलेल्या पुस्तकात. गावाचं नाव इतकं मोडलेलं होतं की मी ते ओलांडून पुढे गेले होते. तू मला थांबवून त्या ओळीवर परत आलीस. नावापुढे त्या शिपायाच्या बापाचंही नाव छापलेलं होतं. मी म्हटलं, पत्र टाकूया त्यांना. तू नाही म्हणालीस. "आज्याचं नाव जुळल्याबिगर सांगायचं न्हाय. चुकलं तर त्यो माणूस जल्मभर दुसऱ्याच्या बापाला पाणी घालंल." आणि रविवारी दुकान बंद ठेवून, पुस्तक जुन्या नऊवारीत गुंडाळून, तू मला घेऊन निपाणीच्या एसटीत बसलीस. निपाणीहून दुसरी गाडी.

त्यांच्या घरात आपण पोचलो तेव्हा पुढच्या सोप्यात सगळी भावकी गोळा झालेली होती. त्या शेतकऱ्याची नव्वदीची आत्या भिंतीला टेकून बसली होती. तू तिच्याजवळ बसलीस, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलंस, "आत्ती, तुमच्या वडलांचं नाव काय?" तिनं सांगितलं. तेच होतं. तू पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलंस आणि म्हणालीस, "वाच."

मला ती खोली आत्ता दिसते आहे. सुना चहाचे कप हातात घेऊन उंबऱ्यात थांबल्या आहेत. तो माणूस हात जोडून बसला आहे, देवासमोर बसावं तसा. आणि पानावर लिहिलं आहे की न्यूमोनिया होऊन लष्करी हॉस्पिटलात मृत्यू. मी वर बघते. मी मराठीत सांगते, "लढताना धारातीर्थी पडले."

सोप्यात कुणीतरी हुंकार भरला. तू माझ्याकडे पाहिलंस, मग पानाकडे, आणि बोट एका शब्दावर ठेवलंस. "असं न्हाय लिवलेलं. ह्यो दवाखाना हाय. नीट वाच."

मी नीट वाचलं. दवाखान्यात, न्यूमोनियानं गेले. एक पुतण्या उठून उभा राहिला. "आक्का, आमी ल्हानपणापास्नं येगळं ऐकतोय. पुस्तक चुकलं असंल." तू आवाज न चढवता म्हणालीस, "असंल बी. पर ह्यात हाय ते ह्ये हाय." तुझ्या बाजूला तिथं कुणी नव्हतं. मी पण नव्हते.

शेतकऱ्यानं पुतण्याला हातानं बसायची खूण केली. मग त्यानं मला विचारलं, "म्हंजे खाटंवर हुता?"

"हो."

"मग शेजारी कोणतरी असंल की. पाणी द्याला." तो आत्याकडे वळला. "मी आजवर त्येला रानात एकटाच पडलेला बघत आलतो."

त्यानं पुस्तक मागितलं नाही. त्या ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, एवढं मराठीत लिहून द्या. तू स्वतः लिहिलंस, तुझ्या गोल गोल अक्षरात, न्यूमोनियासकट.

परतीच्या गाडीत निपाणी सुटल्यावर मी म्हटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. तू म्हणालीस, "त्येला काय बरं वाटंल, ह्ये तुला काय ठावं? पुस्तकं इकणाऱ्यानं पुस्तकापरास शानं व्हायचं न्हाय." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, आणि पुढच्या रविवारी पत्रं लिहायला मलाच बसवलंस.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दुकानाची जागा गेली. आता शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं आहेत. लोक फोनवर फोटो मागतात. मी नकाशे उलगडून, फाटलेल्या घडीचा फोटो आधी पाठवते. नावं मोठ्यानं वाचते. तुझ्याइतकी पटकन सापडत नाहीत. पार्सलांवर पत्ते लिहिणं हे माझं रोजचं काम. या कागदावर पत्ता लिहायचा नाही, म्हणून हात जरा मोकळा आहे.

एक सांगायचं राहिलं. वेबसाइट केली तेव्हा 'आमच्याविषयी' म्हणून एक पान भरायचं होतं. त्यात मी लिहिलं की हे दुकान माझ्या वडिलांनी, एका माजी सैनिकानं सुरू केलं. बाबांनी आयुष्यात बंदूक पाहिली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. मलाच वाटलं की सातवी शिकलेल्या बाईचं नाव वाचून पुस्तकांची पारख कोण मानणार. दहा वर्षं ते तसंच आहे. आज सकाळी ते पान बदलायला बसले. दोनच ओळी लिहायच्या होत्या तुझ्याबद्दल. त्या काही जमेनात, म्हणून हे लिहीत बसले.