दोन अंश

प्रिय ताई,

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आज सकाळी गॅसची पाइपलाइन मर्यादेपेक्षा दोन अंशांनी जास्त गार होती. अशा थंडीत पोलाद वाकत नाही, काचेसारखं तडकतं. म्हणून आधी पाइप गरम करा, मग दाब वाढवा, असं मी सांगितलं.

"साहेब, दोन अंशांनी काय आभाळ कोसळणार आहे?" फोरमन म्हणाला. दाब वाढवायच्या परवानगीवर मी सही केली नाही. तीन तास सगळे माझ्या नावानं बोटं मोडत बसले.

गेल्या हिवाळ्यात पाइप फुटून आमचा वेल्डर गेला, हे तुला लिहिलं होतं. तेव्हाही दोनच अंश कमी होते आणि मी सही केली होती, हे लिहिलं नव्हतं. अजूनही कुणी कप आपटला की दचकतो.

आईला फक्त गुडघ्याचं वाचून दाखव.

तुझा धाकटा