इंजिन धाकट्याकडे, सांगाडा थोरल्याकडे

६ नोव्हेंबर १९७४
फलटणला जाऊन हात हलवत परत! 'लढाईतली अस्सल फोर्ड जीप' असा निरोप होता. वाकून पाहिलं तर पुढची आडवी पट्टी गोल नळीची. म्हणजे विलीज कंपनीची. फोर्डची चौकोनी असते, हे सतरा वेळा सांगून झालं! मालक म्हणतो, "चार चाकं हायती न्हवं? मग काय बिघडलं?" डोकं कुठे आपटावं?

घरी आलो तर सौ. सुरू — "हळदीचे सौदे टाका आणि भंगार हुंगत फिरा." अंगणातल्या डॉजच्या बॉनेटवर तिने गोधड्या वाळत घातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातला ट्रक आहे तो!

२१ नोव्हेंबर
सापडली!! कवठे महांकाळच्या पुढे एका मळ्यात. याकूब मिस्त्रीने पत्ता काढला. फोर्डच — बोल्टाबोल्टावर 'एफ'चा ठसा. चासीवरचा नंबरही स्वच्छ वाचता येतो. आत कोंबड्या बसलेल्या, त्या हाकलल्या. बॉनेट उघडलं — इंजिनच नाही!

मालक नाथाजी अगदी शांतपणे म्हणाला, "इंजिन धाकट्याच्या वाटणीला गेलं."

आधी कळेना. मग कळलं, आणि कळलं नसतं तर बरं होतं. वडिलांनी ही जीप पुण्याच्या डिस्पोजलमधून, लष्कराच्या लिलावात घेतलेली. ते गेले, भाऊ वेगळे झाले. जमीन निम्मी निम्मी, बैल एकेक, आणि जीपचा सांगाडा थोरल्याला, इंजिन धाकट्याला. पंचांनी असा निवाडा दिला आणि गावात कोणी हसलं नाही!

बांधापलीकडे धाकट्याची, म्हणजे गुंडाची, विहीर. इतकी वर्षं इंजिन तिथे रॉकेलवर पाणी उपसत होतं. यंदा विजेची मोटर आली, आता नुसतंच बसून आहे. दर दसऱ्याला पूजा करून करून वर शेंदराचे थर चढलेत. नंबर त्याच्या खाली. चासीवरचाच नंबर इंजिनावर निघाला तर जन्मापासूनची जोडी! अशी जोडी शोधताना माझे केस पांढरे झाले. नखाने जरा खरवडायला गेलो तर गुंडा खेकसला, "पुजेचं हाय त्ये! हात लावू नगा."

२ डिसेंबर
नाथाजी: "आधी त्येला इंजिन देऊ द्या, मग बगू."
गुंडा: "थोरला त्यो हाय न्हवं? त्येनं आधी द्यावं."

१५ डिसेंबर
आज तर कहर झाला. मी बांधावर उभा. उजवीकडे नाथाजी, डावीकडे गुंडा. मधे जेमतेम बांधाची रुंदी. आणि बोलायचं ते माझ्यामार्फत!

"शेठ, त्येला सांगा, बापाची शिडी अजून माज्याकडं आली न्हाई."
"शेठ, त्येला सांगा, शिडी वाळवीनं खाल्ली."

सांगायचं काय? त्याला ऐकू येतंय की! तरी सांगितलं. न सांगावं तर दोघेही माझ्याकडे बघत बसतात. इकडून तिकडे मान फिरवून फिरवून दुखायला लागली. याकूब बाभळीमागे जाऊन हसत होता, लबाड.

त्यांची आई मनुबाई तेवढी माणसात. गुंडाच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "लय ऊन हाय. पानी पी, मंग भांड."

६ जानेवारी १९७५
एस.टी. मिरजेपुढे बंद पडली. उन्हात धक्का मारला. गेलो तर गुंडा सोयऱ्याकडे गेलेला. नाथाजी म्हणतो, "मला काय ठावं? आमचं बोलनं न्हाई." पुन्हा जाणार नाही!!

११ जानेवारी
गेलो.

१९ फेब्रुवारी
शेवटी मीच डोकं चालवलं. आधी-नंतर हवंच कशाला? सांगाडा इकडून बैलांनी ओढत बांधापर्यंत आणायचा, इंजिन तिकडून. दोन्ही एकाच वेळी. भाव दोघांना सारखा. दोघेही तयार! पण पूजेची वस्तू म्हणे चांगल्या दिवशीच हलवायची. आता पाडव्यापर्यंत थांबा. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "मुलीच्या लग्नाला एवढे हेलपाटे घातले नव्हते."

खरं आहे. राग आला तरी खरं आहे.

पाडवा
दोन्ही भाग एकदमच बांधाला लागले. शेंदूर गुंडाने स्वतःच्या हाताने खरवडला. नंबर जुळला. आकडा न् आकडा! मी पोरासारखा ओरडलो. नाथाजीसुद्धा बांध ओलांडून गुंडाशेजारी वाकून बघत होता.

तेवढ्यात गुंडाच्या घरातून मनुबाई आली, काखेत गाठोडं. मला वाटलं, कुठे गावाला निघाली. याकूबने हळूच सांगितलं — पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे. पंचांनी तिचीही वाटणी करून ठेवली आहे. आज पाळी बदलायची.

जीपपाशी थांबून तिने सगळं बघून घेतलं. मग मला म्हणाली, "जोडी जुळिवलीस, लय ब्येस केलंस लेकरा. आता माजं बी कायतरी बग की."

दोघेही पुन्हा वाकून नंबरच बघायला लागले. मीही. ती एकटीच बांध ओलांडून गेली.

जीप आणली नाही. आणवली नाही.