धूळ-सफाईची टिक

१ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

लॅपटॉप स्कॅनरला ओळखायलाच तयार नाही. वायर लावली की टुंग वाजतं, पिवळी खूण येते आणि खाली लिहून येतं — अननोन डिव्हाइस. चार वेळा काढून लावली. चारही वेळा अनोळखी.

बाबांनी हा स्कॅनर २००९ साली घेतला होता. निगेटिव्ह आत ठेवायची, फोटो पडद्यावर. महिनाभर मिरवला, मग फडकं टाकून ठेवून दिला. आता बाबांचा फोटो स्टुडिओ महिनाअखेर रिकामा करून द्यायचाय. दुकानाच्या मालकानं बाबा गेल्यावरच्या जलदानविधीलाच हळूच सांगितलं. माझी नोकरी अकोल्याला, म्हणजे हातात फक्त शनिवार-रविवार. कपाटात चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह. सगळ्या स्कॅन करणं माझ्या बापाच्यानं होणार नाही. — हे लिहिलं आणि थांबले.

मला सगळ्या नकोच आहेत. आईचा आणखी एक फोटो हवाय. घरी भिंतीवर एकच आहे, नोकरी लागल्यावर मी तो अकोल्याला नेला. आई खुर्चीत, मी आठ महिन्यांची तिच्या मांडीवर, ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. त्यानंतर लगेचच ती गेली, एवढंच बाबांनी सांगितलेलं. अर्ध्या अमरावतीची लग्नं काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोचा एकच फोटो काढला! हे मी बाबांना कधी माफ केलं नाही. तोंडावर कधी म्हटलंही नाही.

बाबांचा स्वतःचा तर तोही नव्हता. जलदानाला आधार कार्डावरचा मोठा करून ठेवला. दिव्याखाली अंधार.

१७ ऑक्टोबरला गेले. अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या झेरॉक्सवाल्या किशोरला बोलावलं. बाबांच्या हाताखाली दोन वर्षं होता, आता त्याचेच केस पिकलेत. त्यानं स्कॅनर चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, त्याचा ड्रायव्हर, शोधून आणला. लॅपटॉप म्हणाला, यावर सही नाही, मी घेणार नाही.

"आता ड्रायव्हरले काय तलाठ्याची सही पायजे?" किशोर.

मग कळलं. लॅपटॉप पुन्हा चालू करताना शिफ्ट धरायचं, यादी येते, त्यात सात नंबर दाबायचा. म्हणजे बिनसहीचा ड्रायव्हर चालतो. पण तेवढ्यापुरताच. बंद केला की पुन्हा अनोळखी.

"म्हनजे दर टायमाले सात दाबा लागन, ताई. विसराचं नाही."

संध्याकाळी पहिला स्कॅन निघाला. कुणाचा तरी नवरदेव, डोळे मोठे करून बसलेला. किशोर खूश झाला. मला काही वाटलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. अकोला

ऑफिस. सगळे अजूनही हळू आवाजात बोलतात. चहा कडू होता, प्यायले.

८ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

आज घोळ केला. डस्ट रिमूव्हल म्हणून एक चौकोन आहे, त्यात टिक केली की धूळ-ओरखडे आपोआप जातात. केली. आणि सकाळभर काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह लावत बसले. साठ-एक झाल्यावर मोठं करून पाहिलं, तर माणसांचे चेहरे खाल्लेले. नाक नाही, मिशा नाहीत, एका म्हातारीचं अर्धं डोकं नाही. चहा प्यायला आलेला किशोर कपाळाला हात लावून हसला.

"काया-पांढऱ्याले ते टिक कराचीच नाही, ताई. हे मशीन एक दुसरा उजेड सोडते, डोयाले न दिसनारा. रंगीत फिल्ममधून तो आरपार जाते. जे अडवन ते कचरा, असं समजते अन् पुसून टाकते. काया-पांढऱ्यात चांदी राह्यते, ते बी उजेड अडवते. मंग माणूसच कचरा."

साठ पुन्हा केले. टिक काढून.

बाबांची वही मात्र चोख. प्रत्येक रोलला नंबर, गाव, तारीख, काम. त्यांचा रोल बारा फोटोंचा. गिऱ्हाइकाच्या रोलवर घरचं काही काढायचं नाही, हा नियम. मी लहानपणी मागे लागले तरी हेच. घरचं काम शेवटी. घरचे कुठं पळून चाललेत?

वहीत 'घरचे' असा रोल कुठंच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

१९८३ आणि ८४ पाहून झाली. आई नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. अकोला

रजा मागितली. साहेब म्हणाले, घ्या की, तुमचे वडील गेलेत. अर्ज मात्र दिला नाही. अकोल्यात बसून काय करायचं आणि अमरावतीत बसून काय, दोन्ही सारखंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

सापडली. दुसरी नाही, तीच. भिंतीवरच्या फोटोची निगेटिव्ह. सावकाश लिहिते.

वहीत: रोल ३१२. वलगाव, नामकरण. १४ मार्च १९८५. फोटो अकरा.

१४ मार्च ही आई गेली ती तारीख. म्हणजे बाबा त्या दिवशी वलगावला कामावर होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रोल ३१२ चं पाकीट काढलं. अकरा फोटोंत पाळणा, बाया, घुगऱ्यांची परात. बारावा आमचा. खुर्ची, आई, मी. नियम मोडून गिऱ्हाइकाच्या रोलवर.

रंगीतच होता, म्हणून टिक ठेवली आणि स्कॅन केला. चार मिनिटं लागतात.

आईचे डोळे मिटलेले.

वाटलं, मशीननं पुन्हा काही खाल्लं. टिक काढली. पुन्हा स्कॅन. डोळे उघडे, भिंतीवर आहेत तसे. टिक लावली. मिटले. टिक काढली. उघडले. किती वेळा केलं मोजलं नाही. किशोर दुकान बंद करताना दारातून म्हणाला, "झालं का, ताई?" मी झालं म्हटलं.

मग निगेटिव्ह खिडकीशी धरून बाबांच्या भिंगातून पाहिली. डोळ्यांच्या जागी पेन्सिलीच्या बारीक रेघा आणि पात्याच्या टोकानं खरवडलेले दोन ठिपके. बाबा गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या आणि देवीचे वण असेच घालवायचे, निगेटिव्हवरच काम करून. मशीनला धूळ आणि बाबांचा हात यातला फरक कळत नाही. दोन्ही पुसून टाकतं.

निगेटिव्ह पाकिटात परत ठेवली. बाकी काही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एकही स्कॅन केला नाही. लॅपटॉप चालू केला, सात दाबला, बंद केला.

१९ नोव्हेंबर, बुधवार. अकोला

घरच्या भिंतीवरचा फोटो जागेवरच आहे. त्याच्या समोर बसून जेवले. एकेचाळीस वर्षांची बाई मी, रोज हिच्याकडे बघून घराबाहेर पडते. परीक्षेला जाताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी. ती बघत नव्हतीच.

लीलाआत्याला फोन केला, शनिवारी येते म्हणून. बाबांची बहीण, अकोटला असते. तेव्हा आमच्याच घरी होती, तिला ठाऊक असणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार. अकोट

एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. आत्या चौऱ्याहत्तरची, पण कान शाबूत. दोन्ही स्कॅन मोबाइलवर दाखवले. मिटलेल्या डोळ्यांचा तिनं बराच वेळ हातात धरला.

"हेच खरं हाय," म्हणाली.

मग बोलली. आईला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, काम सोडून देतो. आईनंच पाठवलं, नामकरणाचं पोरगं काय उद्या पुन्हा बारा दिवसांचं होणार आहे? दुपारी ती गेली. बाबा दिवेलागणीला आले, गळ्यात कॅमेरा. बाहेर लोक जमलेले पाहूनच समजले.

"तिच्यापाशी जाऊन बसला. मंग म्हने, लीले, माह्यापाशी हिचा एकबी फोटो नाही वं. कॅमेरा पाह्यला, तर एक फोटो उरेल होता. एकच. तिले खुर्चीत बसोलं. मी मांगं लपून मान धरली होती, पदराखाली माहा हात हाय, पाह्य नीट. तू दुपारपासून रडून राहिली होती. मांडीवर ठेवलं तशी चूप झाली. त्यानं तवाच दाबलं."

मी म्हटलं, मला वाटायचं बाबांनी एकच फोटो काढला, कारण...

"एकच उरला होता, बाई."

जेवण केलं. पोळी, मेथीची भाजी, ठेचा. दोनदा वाढून घेतलं. आत्या बघत होती. चारच्या गाडीनं परत.

बाबांवरचा राग शोधला, सापडला नाही. त्याच्या जागी काही आलंही नाही. हेच जास्त वाईट वाटतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला

सकाळी आत्याचा फोन. एक गोष्ट सांगायची राहून गेली म्हणाली. ती निगेटिव्ह बाबांनी आठ वर्षं डब्यात बंद ठेवली होती, तोवर भिंतीवर फोटो नव्हताच. मी तिसरीत असताना आई दाखवा म्हणून दोन दिवस जेवले नाही, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली.

"पेन्सिल घेऊन बसला, पन त्याले तुह्या मायचे, इंदूचे डोयेच आठवेत ना. लय रडला. मंग तुले खिडकीपाशी समोर बसोलं. चार दिवस तुह्या डोयाकडं पाहून पाहून काहाडले."

खिडकीपाशी बसल्याचं आठवतंय, कशासाठी ते कधी कळलं नव्हतं. फोन ठेवला आणि रडले. स्वयंपाकघरात, उभ्यानं, पुष्कळ वेळ. बाबांसाठी.

घरी येणारा प्रत्येक माणूस फोटोकडे पाहून म्हणायचा, हर्षाचे डोळे अगदी आईवर गेलेत. बाबा हो म्हणायचे.